परसातली झाडे आणि वसईचा इतिहास

वसईचा इतिहास सांगायला बसले की माणसे किल्ल्यापासून सुरुवात करतात. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथे इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचा शेवट जवळ आला. शाळेच्या पुस्तकातली वसई एवढीच. या तारखांत तोफा आहेत, तटबंदी आहे, सह्या-शिक्के आहेत. जमीन कसणारी माणसे मात्र फारशी दिसत नाहीत. आम्हा वसईकर मुसलमानांना या इतिहासात जागा मिळते ती सुलतानाच्या नावापुरती. सुलतानाने सही केली आणि तो गेला, म्हणजे त्याच्याबरोबर मुसलमानही या भूमीच्या गोष्टीतून गेले, असा एक समज त्यातून नकळत तयार होतो. मग ‘तुम्ही इकडे कधीपासून?’ हा प्रश्न येतो. कधी तो निव्वळ कुतूहलाने येतो, कधी दुसऱ्याच सुरात.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यापेक्षा घरामागच्या परसात अधिक चांगले सापडते. वसईत परसाला वाडी म्हणतात. चार नारळ, दहा-बारा पोफळी, केळीचे बेट, एखादा फणस, एक रायवळ आंबा, विहिरीच्या कडेला रामफळ आणि पेरू. अशी वाडी ज्याच्या दारी नाही तो वसईकर कसला, असे एकेकाळी म्हटले जाई. ही झाडे कुणी लावली, कुठून आणली, कुणी पाणी घातले, याचा माग काढत गेले की राजेरजवाड्यांच्या इतिहासाने वगळलेली माणसे एकेक करून समोर येतात.

सुरुवात फार मागे जाते. नालासोपाऱ्याचे सोपारा हे प्राचीन बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला बौद्ध स्तूप उकरला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही इथेच मिळाला. अरब प्रवासी आणि भूगोलकार या बंदराला सुबारा म्हणत. दहाव्या शतकात अल्-इस्तखरी आणि इब्न हौकल यांनी खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या, म्हणजे आजच्या चौलपर्यंतच्या किनाऱ्याचे वर्णन करून ठेवले आहे. या मुलखातल्या शहरांत मुसलमानांची वस्ती आणि जुम्मा मशिदी असल्याचे ते नोंदवतात. इथले मुसलमान आणि इतर लोक सारखाच पोशाख करतात आणि सारखीच दाढी राखतात, हेही त्यांनी टिपले आहे. आणि फळांविषयी ते सांगतात की आंबा, नारळ, लिंबू आणि भात इथे मुबलक आहे, मधही पुष्कळ आहे. खजुराचे झाड मात्र नाही.

हजार वर्षांपूर्वीची ही नोंद वाचताना आम्हाला आमच्या इफ्तारीच्या ताटाची आठवण होते. ताटात खजूर असतो तो बाहेरून आलेला. इथे शिंदीची झाडे आहेत, पण तिच्या फळाला कुणी खजूर म्हणत नाही. बाकीचे ताट वाडीने भरलेले. हिजरी वर्ष चंद्राचे असल्यामुळे रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून एक फेरी मारून येतो, आणि त्याच्याबरोबर ताटातली फळेही बदलतात. 2005 सालचा रमजान ऑक्टोबरात आला, तेव्हा सीताफळांचे दिवस होते. 2013 साली तो ऐन पावसात आला, तेव्हा केळी आणि पपई एवढ्यावरच भागले. 2018 साली मे-जूनमध्ये आला आणि आंबा, फणस, जांभूळ सगळेच एकदम हजर झाले. रोजा अरबस्तानातल्या खजुराने सुटतो आणि पोट वसईच्या केळ्याने भरते. धर्म आणि माती यांचे नाते यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही.

आता वाडीतली झाडे एकेक करून पाहू. आंबा, फणस, जांभूळ, केळ ही इथली जुनी मंडळी. पेरू, पपई, अननस, काजू ही झाडे अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली आणि येताना नावेही घेऊन आली. काजू आणि अननस ही नावे पोर्तुगीज भाषेतून जशीच्या तशी उतरली. हापूस हा मूळचा अफोन्सो. चिकूही अमेरिकेकडचाच, आपल्या जिल्ह्यात घोलवड-डहाणूला त्याच्या बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उभ्या राहिल्या आणि घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सर्वांत गंमत आहे ती सीताफळ आणि रामफळ यांची. ज्या झाडांना आपल्या लोकांनी सीतेचे आणि रामाचे नाव दिले, ती झाडेही वनस्पतिशास्त्राच्या मते अमेरिकेतूनच आलेली. ‘तू इकडे कधीपासून?’ असे या झाडांना कुणी विचारत नाही. त्यांनी इथले पाणी घेतले, इथल्या माणसांना फळे दिली, तेवढ्याने ती इथली झाली.

झाडांची नावे पोर्तुगीजांनी दिली असतील, पण झाडे लावण्याच्या आणि फळे टिकवण्याच्या कामाचे पुष्कळसे शब्द मराठीला अरबी-फारसीतून मिळाले. बाग, बागायत, बागवान, जमीन, हौद, हंगाम, मेवा, सरबत, मुरंबा. हे शब्द आज कुणाला परके वाटत नाहीत. शेतकरी ‘आंब्याचा हंगाम’ म्हणतो तेव्हा तो फारसी शब्द वापरतो आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. त्यातला सर्वांत मोलाचा शब्द म्हणजे कलम. अरबीत कलम म्हणजे लेखणी. तिरका छेद देऊन बोरू तासतात, तसाच छेद देऊन फांदी दुसऱ्या झाडावर बसवतात; म्हणून लिहिणाऱ्याच्या आणि माळ्याच्या हातातल्या वस्तूंना एकच नाव पडले असावे. कोकणात आंब्याचे भेट कलम करीत. कुंडीतले रायवळ रोप हापूसच्या झाडाजवळ न्यायचे, त्याची काडी आणि झाडाची फांदी दोन्ही तासून एकमेकांना लावायची, सुतळीने बांधायची आणि दोन-तीन महिने थांबायचे. दोघांचा रस एक झाला की मग वेगळे करायचे. अलीकडे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी भरून कोय कलम करतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत गावोगाव नेली. पद्धत कोणतीही असो, मूळ रायवळाचे राहते आणि फळ हापूसचे येते. आंब्याची कलमे बांधण्याची कला गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी रुजवली असे मानतात. म्हणजे कला ख्रिस्ती पाद्र्यांची, शब्द अरबी आणि खुंट इथल्या मातीतला.

सोळाव्या शतकात या भागातल्या फळझाडांविषयी एका जाणकार माणसाने लिहून ठेवले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याचे येणे-जाणे होते. वसईच्या अमलाखाली असलेले मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या औषधी आणि फळांची चर्चा संवादरूपाने आली आहे. मुंबईच्या आपल्या बागेत वर्षातून दोनदा फळणारा आंबा असल्याचे तो अभिमानाने सांगतो. विशेष म्हणजे वनस्पतींची अरबी नावेही तो आवर्जून देतो, कारण औषधांची ही विद्या तेव्हा अरब हकिमांच्या ग्रंथांवर उभी होती.

परंतु आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची साक्ष आहे ती जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाची. जगप्रवासाला निघालेला हा गृहस्थ 1695 साली वसईत आला. किल्ल्याच्या बाहेर त्याला मैलोन्मैल पसरलेल्या बागा दिसल्या. या भागाला तो ‘कासाबो’ म्हणतो. हा आपला कसबाच असावा, आणि तोही शब्द अरबी. आंबा, केळी, माड आणि ऊस यांनी गच्च भरलेल्या या हिरव्या पट्ट्यात पोर्तुगीज सरदारांचे बंगले होते. उन्हाळ्यात आणि साथीच्या दिवसांत ते किल्ला सोडून इथल्या गारव्याला येत. यंत्रांनी पाणी चढवून या बागा बारमाही हिरव्या ठेवल्या जातात, असेही तो लिहितो. आणि या बागा कोण कसते? आसपासच्या गावांतले ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी, असे कारेरीने स्पष्ट नोंदवले आहे.

या एका नोंदीपाशी आपण थोडे थांबले पाहिजे. पोर्तुगीज अमलाला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. त्या राजवटीत धर्मांतराचा दबाव होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. सुलतानाची सत्ता जाऊन पाच-सहा पिढ्या उलटल्या होत्या. तरीही मुसलमान शेतकरी वाडीत होता, शेजारच्या ख्रिस्ती आणि हिंदू शेतकऱ्याच्या बांधाला बांध लावून होता. त्याच्यापाशी ना जहागीर होती ना तोफ. त्याच्यापाशी होते फावडे आणि रहाट. तो राज्य करायला आलेला नव्हता, म्हणून राज्य गेले तेव्हा त्याला जावेही लागले नाही.

कारेरीने पाहिलेले यंत्र म्हणजे रहाट. शब्द जुना संस्कृत वळणाचा. पण दातेरी चाकांचा, बैलाच्या फेऱ्यांवर चालणारा रहाट हिंदुस्थानात मध्ययुगात, तुर्कांच्या आगमनानंतर पसरला, असे इरफान हबीब यांनी मांडले आहे. वसईच्या वाड्यांचे सारे वैभव या रहाटावर आणि बावखलावर उभे होते. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि विहिरींना पुरे. वसईच्या दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पश्चिमेला समुद्र. अशा भूमीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. बैल रहाटाच्या गतीने जेवढे काढील तेवढे काढले तर खालचे खारे वर येत नाही. कुणी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते.

घरच्या वाडीची मांडणीसुद्धा अशीच अनुभवाची. मोरीचे पाणी सुटते तिथे केळी आणि अळू. विहिरीच्या पाटाला पोफळी, कारण पोफळीला सावली आणि ओल दोन्ही लागतात. माडांत 25 फुटांचे अंतर. फणस आणि चिंच घरापासून दूर, कारण त्यांची मुळे आणि सावली दोन्ही दांडगी. वयाचा हिशेबही असे. पपई वर्षाच्या आत फळते. केळ एकदा लोंगर देऊन संपते, पण बाजूला मुनवे ठेवून जाते. माडाला सहा-सात वर्षे लागतात. कोयीचा आंबा आणि फणस आठ-दहा वर्षे वाट पाहायला लावतात. म्हणून पपई स्वतःसाठी, माड मुलांसाठी आणि फणस नातवंडांसाठी असे गणित बसे. आमच्या घरांतल्या दादी-नानी झाडाच्या शेंड्याची फळे उतरवू देत नसत. झाड लावणाऱ्याच्या फळातून माणसाने, पाखराने, जनावराने जे खाल्ले तो सदका, ही शिकवण त्यांना तोंडपाठ होती. मशिदीच्या वजूचे पाणी माडांना सोडण्याची रीत कोकणात कितीतरी गावांत दिसते, ती याच समजुतीतून.

केळ हे तर वसईचे खरे वैभव. वेलची, मुठेळी, तांबडी, राजेळी या जाती इथल्या वाड्यांत घरोघर होत्या. राजेळी केळी पिकवून, सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रात्री झाकून ठेवायची आणि मग केळीच्याच वाळल्या पानात बांधायची. ही झाली सुकेळी. ठाणे जिल्ह्याच्या 1882 सालच्या गॅझेटियरने आगाशीच्या सुक्या केळ्यांची वाखाणणी केली आहे. रेल्वे आली तेव्हा या मालाला मोठी बाजारपेठ मिळाली. 1867 साली विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली आणि 1869 साली क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, उभी राहिली. वसईची केळी, पाने, फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईत जाऊ लागली. पिकवणारा वाडवळ असो, सामवेदी असो, ख्रिस्ती कुपारी असो की मुसलमान, मुंबईच्या मंडईत ते केळे फक्त ‘वसईचे’ असे. शेजाऱ्याकडे लग्न असले की वाडीतले केळीचे खांब मागायला तो आमच्याकडे येई, आणि ईदच्या शीरखुर्म्याला नारळ कमी पडला तर आम्ही त्याच्या दारी जात असू. या देवघेवीला सलोखा वगैरे मोठे नाव तेव्हा कुणी दिले नव्हते.

हे चित्र मोडले ते आमच्या डोळ्यांदेखत. 1980 च्या दशकात मुंबईत घर न परवडणारी माणसे उपनगरी रेल्वेच्या कडेकडेने वसई, नालासोपारा, विरारला आली. त्यात आमचीही पुष्कळ माणसे होती आणि घर मिळवण्याचा त्यांचा हक्क आम्ही नाकारत नाही. प्रश्न पाण्याचा होता. इमारती उठल्या, नळ नव्हते, मग वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर धावू लागले. बैलाच्या फेऱ्यांनी निघणारे पाणी आता तासाला टँकरने निघू लागले. गोड्या पाण्याचा थर उपसला गेला आणि खालचे खारे वर आले. जमीन खारवली की झाडे एका ठरावीक क्रमाने जातात. आधी पोफळ आणि केळ मान टाकतात. मग आंबा मोहरायचा थांबतो. चिकू काही काळ झुंजतो. माड सर्वांत शेवटपर्यंत उभा राहतो, म्हणून पुष्कळ ओसाड वाड्यांत आज नुसते माड दिसतात.

या उपशाविरुद्ध वसईने आवाज उठवला तो हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने. त्या चळवळीचे अग्रणी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठीचे ते थोर लेखक. 2020 साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. एका धर्मगुरूने विहिरीच्या पाण्यासाठी आणि केळीच्या बागेसाठी रस्त्यावर यावे, हे आम्हाला कारेरीच्या नोंदीचेच पुढचे पान वाटते. चळवळीने पुष्कळ वाचवले, सगळे नाही. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर गेली. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेले आणि जे जुने वृक्ष उरले होते त्यांतले कित्येक त्या एका दिवसात आडवे झाले.

बाहेरच्या कारणांएवढेच एक घरातलेही कारण आहे, आणि ते बोलले पाहिजे. वाटण्या. वारसाहक्काने परसाचे तुकडे पडतात, ते पडणारच. मुलींचा हिस्साही मिळालाच पाहिजे. पण तुकडे पाडताना आपण फक्त चौरस मीटर मोजतो. गावठाणातल्या घराच्या मिळकत पत्रिकेवर क्षेत्रफळ असते, धारकाचे नाव असते. फणसाला तिथे रकाना नाही. त्यामुळे वाटणीच्या बैठकीत जी वस्तू सर्वांत जुनी असते तिचीच किंमत शून्य धरली जाते. विहीर सामाईक ठेवण्याची जुनी रीत होती, तशी झाडे सामाईक ठेवण्याची रीतही सुरू करता येईल. कायद्याचाही थोडा आधार आहे. शहरी भागातले झाड तोडायला 1975 च्या अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे. आपल्या मोहल्ल्यात असे वृक्ष किती आहेत, याची मोजदाद आपण केली आहे का?

ही मोजदाद आपणच करायला हवी. प्रत्येक घराने एक वही घालावी. परसात कोणते झाड आहे, कुणी लावले, रोप कुठून आले, कुणाच्या हातचे कलम, कोणत्या वर्षी पहिले फळ धरले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. राजेळीचे, मुठेळीचे मुनवे ज्यांच्याकडे शिल्लक आहेत त्यांनी ते मागेल त्याला द्यावेत, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो; केळ वाटल्यानेच टिकते. पागोळ्यांचे पाणी गटारात न सोडता विहिरीत सोडावे, म्हणजे चार-सहा पावसाळ्यांत खारे पाणी खाली जायला मदत होईल. ज्यांना जमीन उरली नाही त्यांनी मशिदीच्या, मदरशाच्या, कब्रस्तानाच्या आवारात फळझाड लावावे. कब्रस्तानातल्या जांभळाखाली मुले जमतात, यात वावगे काही नाही.

आपल्या लेखकांनी मोहल्ल्याविषयी, दंगलीविषयी, तलाकविषयी लिहिले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. परसाविषयी मात्र आपण फार थोडे लिहिले. त्यामुळे दाखला मागणाऱ्यासमोर आपण कागद शोधत बसतो आणि दाखला मागच्या दारी उभा असतो. 1695 साली एका परक्या प्रवाशाने दोन ओळींत आपली नोंद घेतली, कारण त्याने किल्ल्याबाहेर येऊन बागेत कोण राबते आहे ते पाहिले. पुढची नोंद घ्यायला पुन्हा कुणी इटलीहून येणार नाही. कलम आपल्या हाती आहे, दोन्ही अर्थांनी. पावसाळा तोंडावर आला की एक आळे खणावे, आणि त्याच दिवशी वहीत पहिली ओळ लिहावी.